हँडल फिरवणारा हात : मूकपटांचे तंत्र आणि महाराष्ट्रातील कारागीर

चित्रपटाचा इतिहास बहुतेक वेळा कथा, नट-नट्या आणि दिग्दर्शक यांच्या नावांभोवती मांडला जातो. परंतु मूकपटांच्या काळाकडे पाहताना कॅमेऱ्याच्या बाजूला बसवलेले एक साधे हँडल केंद्रस्थानी ठेवले, तर त्या काळातील पडद्यावरचे चमत्कार, त्यामागची मेहनत आणि पुढे बोलपट आल्यावर झालेली उलथापालथ या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच सूत्राने होतो. मूकपटाच्या कॅमेऱ्याला मोटर नसे आणि फिल्म पुढे सरकवण्याचे सर्व काम छायालेखकाच्या मनगटावर अवलंबून असे. त्यामुळे पडद्यावर काळ किती वेगाने वाहणार, कुठे थांबणार आणि कुठे मागे वळणार, याचा निर्णय त्या हँडलवरील हात घेत असे. महाराष्ट्रात या हाताला एक आणखी विशेष लाभला. येथील आरंभीच्या चित्रपटकर्त्यांनी केवळ कॅमेरा चालवला असे नव्हे, तर फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची, आणि कोल्हापुरात तर कॅमेराच घडवण्यापर्यंतची, सगळी कामे स्वतः केली.

हे तंत्र समजून घेण्यासाठी प्रथम फिल्मची रचना पाहावी लागते. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर एकाखाली एक अशी छोटी छायाचित्रे असतात. त्यांपैकी प्रत्येकाला चौकट किंवा फ्रेम म्हणतात आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. कॅमेऱ्यातील आकडा या छिद्रांत अडकून फिल्म एक चौकट खाली ओढतो, क्षणभर सोडून देतो आणि पुन्हा ओढतो. शिलाईयंत्रात कापड जसे थांबत-थांबत पुढे सरकते तशीच ही गती असते, आणि फ्रान्समधील लुई ल्युमिएर यांना या रचनेची कल्पना शिलाईयंत्रावरूनच सुचली. फिल्म स्थिर असते तेव्हा भिंगामागची झडप, म्हणजे शटर, उघडते आणि चित्र उमटते. फिल्म सरकत असते तेव्हा झडप बंद राहते. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे जात आणि सेकंदाला दोन फेरे हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाई, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी. एक फूट फिल्ममध्येही सोळाच चौकटी बसत असल्यामुळे एक सेकंद म्हणजे एक फूट असा सोपा हिशेब जमे. चित्रपटाची लांबीही मिनिटांत न सांगता फुटांत आणि रिळांत सांगण्याची पद्धत होती.

स्थिर चित्रे एकामागून एक दाखवल्यावर हालचाल का दिसते, याचे स्पष्टीकरण पूर्वी डोळ्यांच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते असे दिले जाई. ते अपुरे आहे, कारण नुसत्या रेंगाळण्याने चित्रे एकमेकांत मिसळून धूसर व्हायला हवीत. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या, पण किंचित स्थान बदललेल्या दोन प्रतिमा पुरेशा झपाट्याने समोर आल्या, की त्यांमधील अंतर मेंदू स्वतः हालचालीने जोडतो. चित्रपट पाहण्याचा अनुभव मेंदूच्या या जोडण्यावर उभा आहे. प्रत्येक चौकट पडद्यावर दाखवताना प्रकाश मात्र मधूनमधून तुटत असतो आणि सेकंदाला सोळाच वेळा तुटला तर चित्र लपलपते. म्हणून प्रक्षेपकाच्या शटरला तीन पाती बसवून एकच चौकट तीनदा दाखवली जाई आणि प्रकाशाची उघडझाप सेकंदाला ४८पर्यंत नेली जाई.

पडद्यावरील हलत्या चित्रांशी महाराष्ट्राची ओळख या यंत्राच्या आधीपासून होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे प्रयोग सुरू केले. दिव्याच्या झोतात काचा झपाट्याने बदलून पौराणिक कथांतील पात्रांना हालचालीचा भास दिला जाई आणि सोबत निवेदन व संगीत असे. त्यानंतर ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे प्रतिनिधी मारियस सेस्तिए यांनी सिनेमॅटोग्राफचा खेळ केला. ज्या यंत्राने हा खेळ झाला तेच यंत्र चित्रण करू शके, निगेटिव्हवरून प्रत छापू शके आणि प्रक्षेपणही करू शके. हा खेळ पाहून प्रभावित झालेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली, रँग्लर र. पु. परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली, ही बारीकशी नोंद या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कॅमेरा हाती होता, पण चित्र प्रत्यक्ष साकारणारी रासायनिक क्रिया समुद्रापलीकडे घडत होती.

ती क्रिया घरात आणली दादासाहेब फाळके यांनी. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात झाले होते. छायाचित्रण, मुद्रण, ठसे तयार करणे, नाटकाचे पडदे रंगवणे आणि जादूचे प्रयोग या सगळ्यांचा त्यांना अनुभव होता. चित्रपट म्हणजे याच विद्यांचा संगम असल्यामुळे त्यांच्याइतकी योग्य पूर्वतयारी असलेला माणूस त्या काळात जगाच्या पाठीवरही फार थोड्या ठिकाणी सापडला असता. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर त्यांनी हे तंत्र शिकण्याचा निश्चय केला, विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १९१२च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने ते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत गेले, कामाची पद्धत जवळून पाहिली आणि विल्यमसन कॅमेरा, कोरी फिल्म व छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून परतले.

छिद्रे पाडण्याचे यंत्र वेगळे लागे, कारण त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना कोऱ्या पट्टीच्या रूपात मिळे. हे काम अंधारातच करावे लागे आणि त्यात केसाइतकी चूक झाली तरी पडद्यावर चित्र थरथरत असे. सरस्वतीबाई फाळके यांनी ही छिद्रे पाडली, रसायने मिसळली, फिल्म धुतली आणि चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून नटांच्या चेहऱ्यांवर उन्हाचा उजेड परतवला. भारतीय चित्रपटाच्या तंत्रज्ञांची यादी करायची झाली, तर तिच्या आरंभी फाळके यांच्याबरोबर सरस्वतीबाईंचे नाव लिहिले गेले पाहिजे. त्यांना केवळ ‘पतीला साथ देणारी पत्नी’ म्हणून संबोधणे हा त्यांच्या कारागिरीवर अन्याय आहे.

धुलाईची खोली पूर्ण काळोखी असण्याचे मात्र कारण नव्हते. त्या वेळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे निळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी पण लाल रंगाला जवळजवळ आंधळी अशी होती. त्यामुळे लाल दिव्याच्या उजेडात चित्र कितपत उमटले आहे हे नजरेने पाहून फिल्म रसायनातून केव्हा काढायची ते ठरवता येई. ही नजर अनुभवानेच तयार होई. त्याच गुणधर्माचा दुसरा परिणाम पडद्यावर दिसे : लाल वस्त्र काळे होई, निळे आकाश पांढरेफटक होई आणि नैसर्गिक वर्ण असावा त्याहून गडद उतरे. मूकपटांतील नटांच्या चेहऱ्यावरचे जाड पांढुरके रंग आजच्या प्रेक्षकाला हास्यास्पद वाटतात, परंतु ते फिल्मच्या या आंधळेपणावरचे उत्तर होते.

भांडवल उभे करण्यासाठी फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा एक छोटा पट तयार केला. कुंडीसमोर कॅमेरा स्थिर ठेवून ठरावीक अंतराने एक-एक चौकट टिपायची आणि नंतर नेहमीच्या वेगाने दाखवायची, ही ती रीत. ताशी एक चौकट घेतली तर चोवीस तासांचा व्यवहार दीड सेकंदात उरकतो, आणि बीजातून अंकुर डोळ्यांदेखत वर येताना दिसतो. कर्ज देणाऱ्यापुढे ठेवण्यासाठी फाळके यांनी एखादी नाट्यमय घटना निवडली नाही. काळ आवळता येतो, हेच त्यांनी दाखवले, आणि या माध्यमाचे मर्म त्यांना किती लवकर उमगले होते याचा याहून चांगला पुरावा नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ दादर येथे चित्रित झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने तासाभराचा खेळ होता. कॅमेऱ्याचे काम त्र्यंबक तेलंग यांनी केले, तर स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठवल्या. पौराणिक कथा निवडण्यामागे श्रद्धा होती तसेच तंत्रही होते. देवादिकांच्या कथांत प्रकट होणे, अंतर्धान पावणे, रूप बदलणे आणि आकाशगमन करणे या घटना पदोपदी घडतात, आणि नेमक्या याच गोष्टी हँडलच्या साहाय्याने करता येण्याजोग्या होत्या.

त्या काळी ज्यांना ट्रिकसीन म्हटले जाई, त्यांतील सर्वांत सोपी युक्ती थांबण्याची. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली होती : हँडल थांबवायचे, इतर नटांनी जागच्या जागी निश्चल उभे राहायचे, देवाची भूमिका करणाऱ्याने चौकटीत येऊन उभे राहायचे आणि हँडल पुन्हा सुरू करायचे. पडद्यावर देव क्षणात प्रकटतो. याच तत्त्वाने दर चौकटीला वस्तू थोडी-थोडी हलवली, की निर्जीव वस्तू चालू लागतात. फाळके यांनी आगकाड्यांवर आणि नाण्यांवर हे प्रयोग केले.

दुहेरी चित्रण याहून पुष्कळ अवघड होते. भिंगासमोर काळा पडदा किंवा पत्र्याचा तुकडा असा धरायचा की चौकटीचा काही भाग कोराच राहील, मग उरलेल्या भागात एक दृश्य टिपायचे. त्यानंतर भिंग झाकून हँडल उलटे फिरवत फिल्म मागे न्यायची आणि आधी झाकलेला भाग उघडा ठेवून त्याच चौकटींवर दुसरे दृश्य टिपायचे. एका दृश्याचा दुसऱ्यात विलय करतानाही हीच रीत होती, फक्त तेथे झाकण वापरण्याऐवजी भिंगाचे तोंड हळूहळू मिटत आणून मागे फिरवल्यावर दुसऱ्या दृश्यावर हळूहळू उघडत नेले जाई. या साऱ्या कामाचा प्राण म्हणजे मोजणी. पुढे किती फेरे गेले आणि मागे किती आणले, याचा हिशेब छायालेखकाला बिनचूक ठेवावा लागे, आणि तो चुकला की पहिले दृश्यही वाया जाई, कारण दोन्ही एकाच निगेटिव्हवर असत. काय साधले ते फिल्म धुतल्यावरच कळे. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्ये भयभीत कंसाचे शिर धडापासून वेगळे होऊन वर जाताना दिसते ते पाहताना, किंवा ‘कालियामर्दन’ (१९१९)च्या आरंभी मंदाकिनी फाळके या बालिकेचा चेहरा कृष्णरूपात विलीन होतो ते पाहताना, या आंधळ्या मोजणीची आठवण ठेवली तर त्या दृश्यांचे मोल कळते. आपले काम कसे चालते हे प्रेक्षकांनी पाहावे असे फाळके यांना वाटे, म्हणून त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा स्वतंत्र पटही केला; रहस्य झाकून ठेवण्याकडे कल असलेल्या धंद्यात हा मोकळेपणा दुर्मीळ होता.

कोल्हापुरात याच काळात दुसरी परंपरा आकार घेत होती. आनंदराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतबंधू बाबुराव मेस्त्री, म्हणजेच बाबुराव पेंटर, हे नाटकांचे पडदे रंगवणारे नामांकित चित्रकार होते. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे नसल्यामुळे त्यांनी तो स्वतःच बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निधन पावले, पण बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने प्रयत्न चालू ठेवले आणि १९१८ मध्ये देशी कॅमेरा सिद्ध झाला. हे काम किती नाजूक होते याची कल्पना यावरून यावी, की प्रत्येक चौकट पहिल्या चौकटीच्या नेमक्या जागी थांबली नाही तर पडद्यावर ती चूक शेकडो पटींनी मोठी होऊन दिसते. बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

बाबुराव पेंटर यांची दृष्टी चित्रकाराची होती. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी-रुंदी-खोली असलेले नेपथ्य उभारले, दृश्यांची रेखाटने आधी काढून ठेवली आणि ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये केवळ उन्हावर विसंबून न राहता कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. लाल रंगाला काळे करणाऱ्या फिल्मवर काम करताना कोणता रंग करड्या रंगाच्या कोणत्या छटेत उतरेल हे ओळखण्याची त्यांची क्षमता ब्रशाने घडलेली होती. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये तर त्यांनी पुराण आणि इतिहास दोन्ही बाजूला ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा घेतली. चमत्कारासाठी शिकलेले तंत्र दारिद्र्य दाखवण्यासाठी वापरता येते, हे त्यांनी सिद्ध केले, आणि मराठी चित्रपटाच्या इतिहासात फाळके यांच्या खालोखाल हे वळण सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल.

हँडलचे राज्य संपले ते आवाजामुळे. चित्राचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी डोळे ते सहन करतात, किंबहुना मारामारीच्या दृश्यांत छायालेखक मुद्दाम हळू हँडल फिरवून पडद्यावरची चपळाई वाढवत. मात्र आवाजाचा वेग किंचित बदलला तरी स्वर चढतो किंवा उतरतो आणि कानाला ते लगेच खटकते. म्हणून बोलपटासाठी कॅमेऱ्याला मोटर जोडून सेकंदाला २४ चौकटी हा वेग कायमचा बांधून टाकण्यात आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटात आवाज आणि चित्र एकाच निगेटिव्हवर घेतले गेले, स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने बरेचसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले आणि मायक्रोफोन सजावटीत लपवावे लागले. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातील साहसी चित्रपटांचे लाडके नट होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या त्यांच्या पहिल्या बोलपटाने पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा घेतली. ज्या दामले यांनी कॅमेरा घडवण्यात हातभार लावला होता त्यांनीच प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली, आणि या सातत्यामुळेच प्रभातने आवाजाकडे केवळ संवाद व गाणी ऐकवण्याचे साधन म्हणून पाहिले नाही. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत वगळून दृश्यात प्रत्यक्ष असलेल्या घड्याळ, ग्रामोफोन अशा वस्तूंच्याच आवाजांवर विसंबण्याचे धाडस झाले. प्रभात पुढे पुण्याला हलली आणि तेथील तिच्या जागेवर १९६०पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे.

मूकपटांची फिल्म मात्र फारशी टिकली नाही. ती नायट्रेटची असे. सहज पेट घेणारी आणि दमट उष्ण हवेत चिकट होऊन अखेर भुकटी होणारी. बोलपट आल्यावर जुन्या रिळांना बाजारभाव उरला नाही, आणि त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीही कित्येक रिळे नष्ट करण्यात आली. भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले असले तरी त्यांतील अगदी मोजके, तेही बहुधा तुकड्यांच्या रूपात, उरले आहेत. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी आयुष्यभर खपून फाळके यांच्या चित्रपटांची रिळे मिळवली नसती, तर या सबंध परंपरेची ओळख केवळ जाहिराती आणि आठवणींवरून करून घ्यावी लागली असती.

वाचलेली फिल्म दाखवणे हाही एक तांत्रिक प्रश्न आहे. सोळा चौकटींच्या वेगाने टिपलेला मूकपट चोवीसच्या वेगाने चालवला, तर तासाभराचा खेळ चाळीस मिनिटांत संपतो आणि माणसे धावत-ठेचकाळत असल्यासारखी दिसतात. मूकपट म्हणजे काहीतरी विनोदी असते हा अनेकांचा समज अशा चुकीच्या प्रक्षेपणातून तयार झाला आहे. मूळ वेग फिल्मवर कोठेही नोंदलेला नसतो, म्हणून जाणकार चालणाऱ्या माणसाची पावले, उडणारे वस्त्र, खाली पडणारी वस्तू किंवा पाण्याचे उसळणे पाहून तो ठरवतात, आणि डिजिटल प्रत करताना ठरावीक चौकटी पुन्हा वापरून वेग जुळवतात. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग एका चित्रपटातही प्रसंगागणिक बदलत असल्यामुळे ‘कालियामर्दन’सारख्या चित्रपटात यमुनेत घेतलेल्या उडीसाठी एक वेग आणि कालियाशी झालेल्या झुंजीसाठी दुसरा, असा निर्णय दृश्य-दृश्य तपासून घ्यावा लागतो.